जोडणी, संवाद आणि नोंद : मोटारीच्या इंजिनबदलाची प्रस्तावना

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात अश्वशास्त्राची आणि गजशास्त्राची सचित्र हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. घोडा आणि हत्ती हीच राज्याची वाहने होती त्या काळी त्यांची लक्षणे, वय, दोष आणि रोग यांचे ज्ञान केवळ पागेतल्या आणि हत्तीखान्यातल्या माणसांच्या तोंडी राहू नये, ते ग्रंथबद्ध व्हावे, ही जाणीव या परंपरेत होती. आणि तंजावूरच्या भोसले राजांनी, विशेषतः १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी, अशा ग्रंथांचा संग्रह मोठ्या आस्थेने वाढवला. आजचे वाहन मोटार आहे. तिच्या दुरुस्तीचे ज्ञान महाराष्ट्रातल्या आणि मराठी माणूस जिथे जिथे स्थिरावला तिथल्या गॅरेजांत विपुल आहे, पण ते मिस्त्रीच्या हातात आहे; मराठीत कागदावर त्यातले फार थोडे उतरले आहे. या ज्ञानाचा एक भाग गेल्या पंचवीस वर्षांत मुळापासून पालटला, आणि नेमका त्याच भागाविषयी लेखन सर्वांत कमी झाले. तो भाग म्हणजे एका गाडीचे इंजिन उतरवून तिच्यात दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणे, आणि त्या इंजिनाशी गिअरबॉक्स व संगणक जुळवणे.

इंजिनबदल म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे साखळीच्या कप्पीला लटकलेले इंजिन उभे राहते आणि ते नव्या जागी नीट बसले की काम संपले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात इंजिन हे शक्ती निर्माण करणारे यंत्र असले, तरी ती शक्ती चाकांपर्यंत कोणत्या वेगाने आणि किती जोराने पोचावी हे गिअरबॉक्स व डिफरन्शियल ठरवतात, आणि केव्हा व किती इंधन जाळावे हे आता संगणक ठरवतो. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि संगणक या तिघांचा विचार एकत्र केल्याशिवाय इंजिनबदलाचा निर्णयच घेता येत नाही. गाडीला मानवणारे इंजिन निवडणे ही या कामाची पहिली पायरी आहे, आणि अनेकदा ती सर्वांत सोपी असते. खरी परीक्षा त्यानंतरच्या जुळवणीत होते, आणि या प्रस्तावनेचा विषय ती जुळवणी हाच आहे.

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास जीपपासून सांगावा लागतो. महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली, आणि पुढे अनेक वर्षे या जीपमध्ये हरिकेन नावाचे २,१९९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन येत असे. पेट्रोल महाग झाले आणि जीप गावोगावच्या प्रवासी वाहतुकीला लागली, तसा तिच्यात डिझेल इंजिन बसवण्याचा धंदा गॅरेजांमधून वाढला. पुढे महिंद्रनेही डिझेल जीप काढल्या आणि त्यांपैकी काहींत प्युजोच्या आराखड्याचे एक्सडीपी हे २,११२ घन सेंटिमीटरचे इंजिन घातले. मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सींमध्येही डिझेल इंजिने बसवली गेली. या सर्व बदलांत संगणकाचा संबंध नव्हता. डिझेल इंजिनाचा इंधन पंप यांत्रिक होता, पेट्रोल इंजिनाला कार्ब्युरेटर होता, आणि इंजिन बंद करण्यासाठी ओढायची तार व ग्लो प्लगसाठी एक स्विच एवढी विजेची तयारी पुरेशी होई. मिस्त्रीची सारी कसोटी लोखंडाशी लागत असे.

कारखान्यांनी स्वतः केलेले इंजिनबदल या दृष्टीने विशेष शिकवणारे आहेत. प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या ११८ एनई या गाडीचे शरीर फियाट १२४ च्या घराण्यातले आणि इंजिन निस्सानचे ए-१२ जातीचे, ११७१ घन सेंटिमीटरचे होते, आणि त्या इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला गेला. अँबॅसेडरला १९९० च्या दशकाच्या आरंभी इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, तेव्हा तिच्या स्टिअरिंगखालचा जुना गिअर दांडा जाऊन खाली जमिनीवर पाच गिअरचा दांडा आला, म्हणजे तिथेही इंजिनाबरोबर त्याचा जोडीदार गिअरबॉक्स आला. ज्यांच्यापाशी अभियंते, आराखडे आणि यंत्रसामग्री होती त्यांनीही इंजिन एका घरचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या घरचा असा संसार टाळला, यातून इंजिनबदलाचा पहिला नियम निघतो, तो असा की शक्य असेल तिथवर इंजिन व गिअरबॉक्स यांची मूळ जोडी फोडू नये.

जोडी फोडावीच लागली, तर लोखंडाची जुळवणी चार ठिकाणी तपासावी लागते. पहिले ठिकाण बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घंटेच्या आकाराच्या कवचाचे. त्याच्या बोल्टांची छिद्रे इंजिनाच्या पाठीशी जुळत नसतील तर मध्ये पोलादी किंवा अ‍ॅल्युमिनियमची अ‍ॅडॉप्टर प्लेट घालावी लागते. पण ही प्लेट घालताना क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत राहिले नाहीत, तर क्लच आणि बेअरिंग काही महिन्यांतच खलास होतात. दुसरे ठिकाण इनपुट शाफ्टच्या टोकाचे. हे टोक क्रँकशाफ्टच्या मागच्या बाजूच्या लहान पायलट बेअरिंगमध्ये टेकायला हवे, आणि प्लेटच्या जाडीमुळे ते तिथपर्यंत पोचत नसेल तर बेअरिंगसाठी वेगळी बुश तयार करून घ्यावी लागते. तिसरे ठिकाण क्लच प्लेटचे: तिचा बाहेरचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलशी आणि मधल्या छिद्रातले खाचे गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळावे लागतात, म्हणून प्लेट एका गाडीची आणि प्रेशर प्लेट दुसऱ्या गाडीची अशी निवड करण्याची वेळ येते. चौथे ठिकाण गिअरबॉक्सच्या सहनशक्तीचे. दर गिअरबॉक्सला जास्तीत जास्त किती टॉर्क, म्हणजे पीळ, झेपतो ते ठरलेले असते, आणि लहान पेट्रोल इंजिनासाठी बनवलेल्या गिअरबॉक्सपुढे टर्बो डिझेल इंजिन जोडले, तर दाते पहिल्याच चढावर तुटले नाहीत तरी त्यांचे आयुष्य निम्म्याहून कमी होते.

या चार ठिकाणांच्या पुढे गिअरच्या गुणोत्तराचा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर गाडी कोणत्या मुलखात चालणार यावर अवलंबून असते. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८ असे, म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यासाठी प्रॉपेलर शाफ्टला ५.३८ फेरे घ्यावे लागत. जीपच्या १६ इंची टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६०६ फेरे घेते, आणि टॉप गिअरमध्ये, जिथे इंजिन व शाफ्ट सारख्याच गतीने फिरतात, इंजिनाला मिनिटाला सुमारे ३,२६० फेरे घ्यावे लागतात. पेट्रोल इंजिनाला हा वेग पेलवतो. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास दम संपणारे संथ डिझेल इंजिन तिथे बसवले, तर गाडी ८० पर्यंत पोचतच नाही. तेच डिफरन्शियल बदलून ४.२७ गुणोत्तराचे घातले की इंजिनाचे फेरे सुमारे २,५९० वर येतात आणि डिझेल इंजिन आपल्या सुखाच्या पट्ट्यात राहते. तंजावूरहून कुंभकोणमकडे जाणारा रस्ता कावेरीच्या सपाट त्रिभुज प्रदेशातून जातो, तिथे ४.२७ चे गुणोत्तर सर्वार्थाने योग्य ठरते. तीच गाडी वरंध किंवा आंबोलीच्या घाटात माणसे भरून चढवायची असेल, तर कमी गिअरची ताकद अपुरी पडते आणि क्लच जळण्याचा धोका वाढतो. तंजावूरच्या राजवाड्याभोवतालच्या जुन्या राजवीथींसारख्या गर्दीच्या रस्त्यांवर तर गाडी दिवसाचा मोठा भाग पहिल्या दोन गिअरांतच काढते, म्हणून तिथे अत्युच्च वेगापेक्षा संथ वेगावरची ओढ आणि रेडिएटरची क्षमता यांचा हिशेब आधी करावा लागतो. एकच इंजिन आणि एकच गाडी असूनही मुलूख बदलला की योग्य जुळवणी बदलते.

लोखंडाच्या या जुळवणीत पुढे संगणकाची भर पडली. भारतात एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर भारत स्टेजचे प्रदूषण निकष आले, कार्ब्युरेटर मागे पडून एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र इंजेक्टरने इंधन फवारणारी पद्धत, रूढ झाली, आणि तिच्याबरोबर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, गाडीत आला. भारत स्टेज ४ हा निकष एप्रिल २०१७ मध्ये आणि भारत स्टेज ६ हा एप्रिल २०२० मध्ये देशभर लागू झाला, तसतसे या संगणकाचे अधिकार वाढत गेले. ईसीयूला क्रँकशाफ्टची स्थिती एका दातेरी चक्राजवळच्या सेन्सरवरून कळते. या चक्रावर बहुधा ६० दात्यांच्या जागा असतात आणि त्यांतले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, जेणेकरून ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की पहिला पिस्टन कुठे आहे हे संगणकाला समजावे. काही इंजिनांत हे चक्र फ्लायव्हीलवरच असते. ऑटोमॅटिक गाडीतून आणलेल्या अशा इंजिनाला क्लचच्या गाडीचे फ्लायव्हील लावताना दात्यांची रचना वेगळी निघाली, तर इंजिन फिरते, स्टार्टर थकतो, पेट्रोल येते, पण ठिणगी चुकीच्या क्षणी पडते किंवा पडतच नाही. लोखंडाचे काम निर्दोष झाले असूनही गाडी चालू होत नाही, आणि दोष शोधणारा माणूस जिथे दोष नाही तिथे दिवस घालवतो.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक असेल तर जुळवणीत आणखी एक संगणक येतो, त्याला टीसीयू म्हणतात. गिअर केव्हा बदलायचा आणि आतल्या क्लचांवर तेलाचा दाब किती ठेवायचा हे टीसीयू ठरवतो, पण त्यासाठी इंजिन या क्षणी किती पीळ देत आहे हे त्याला ईसीयूकडून कळावे लागते. उलट गिअर बदलतानाच्या सेकंदाच्या अंशापुरता इंजिनाने जोर कमी करावा अशी विनंती टीसीयू ईसीयूला करतो, आणि ईसीयू ठिणगी उशिरा टाकून ती पुरी करतो. इंजिन एका कंपनीचे आणि गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा असला की ही देवाणघेवाण तुटते. पिळाचा आकडा न मिळाल्यामुळे टीसीयू तेलाचा दाब कमाल ठेवतो, गिअर धक्के देत पडतात, आणि अखेर गिअरबॉक्स लिम्प मोडमध्ये, म्हणजे गाडी कशीबशी घरी पोचावी एवढ्यापुरत्या एकाच गिअरमध्ये, अडकून राहतो. ऑटोमॅटिक गाडीचा ईसीयू क्लचच्या गिअरबॉक्सबरोबर वापरला, तर गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खूण न मिळाल्याने स्टार्टर फिरू न देणे, आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वरखाली करणे आणि चेक लाइट सतत पेटती ठेवणे असे प्रकार घडतात. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओमध्ये आणलेल्या एएमटीसारख्या गिअरबॉक्समध्ये आतली यंत्रणा साध्या गिअरबॉक्सचीच असते आणि क्लच दाबण्याचे व गिअर सरकवण्याचे काम संगणकाच्या आज्ञेने होते, त्यामुळे वरवर परिचित दिसणाऱ्या या गिअरबॉक्सलाही इंजिनाच्या संगणकापासून वेगळे करता येत नाही. ऑटोमॅटिकच्या यांत्रिक जोडणीतही एक जागा फार जपण्याची आहे: टॉर्क कन्व्हर्टर हे तेलाने भरलेले चक्र गिअरबॉक्सच्या पंपात पूर्ण आत बसल्याची खात्री न करता बेल हाउसिंगचे बोल्ट आवळले, तर पंप तिथल्या तिथे चिरडला जातो.

हे सारे संगणक ज्या मार्गाने बोलतात त्याला कॅन म्हणतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, मीटर आणि चावी ओळखणारा इमोबिलायझर हे सगळे आपापले संदेश सोडतात आणि प्रत्येक जण आपल्या कामाचा संदेश उचलतो. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात, म्हणून बॅटरी सोडवून निदानाच्या सॉकेटमधील सहाव्या आणि चौदाव्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला की सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टोक तुटले आहे, आणि आकडा शून्याजवळ असेल तर दोन्ही तारा कुठेतरी चिकटल्या आहेत. वायरिंग कापून जोडलेल्या गाडीत ही दोन मिनिटांची तपासणी आठवड्याचे श्रम वाचवते. मात्र तारा नीट असल्या तरी दोन कंपन्यांचे संगणक एकच भाषा बोलतीलच असे नाही. संदेशांचे क्रमांक आणि त्यांतील आकड्यांची मांडणी प्रत्येकीची वेगळी असते, आणि अशा वेळी मध्ये एक लहान यंत्र बसवावे लागते, जे जुन्या दरबारातल्या दुभाष्याप्रमाणे एका बाजूचे बोलणे ऐकून दुसऱ्या बाजूला तिच्या भाषेत सांगते. इमोबिलायझर तर ओळख पटल्याशिवाय इंजिनाला इंधनच मिळू देत नाही, म्हणून भंगारातून इंजिन घेताना त्याच गाडीचा ईसीयू, त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझर असा पूर्ण संच घ्यावा, एकेक सुटा भाग घेऊ नये, हा दुसरा नियम ठरतो.

या दोन नियमांवरून जुळवणीचे तीन मार्ग ओळखता येतात. पहिला मार्ग पूर्ण संचाचा: दाता गाडीतून, म्हणजे जिचे इंजिन घ्यायचे त्या गाडीतून, इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही संगणक, वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल आणि चावी असे सर्व काढून नव्या गाडीत घालायचे, आणि नव्या गाडीच्या मीटरपुरतीच जुळवाजुळव करायची. हा मार्ग महाग वाटतो, पण बहुतेक वेळा तोच स्वस्त ठरतो. दुसरा मार्ग साधेपणाचा, म्हणजे ऑटोमॅटिक टाळून क्लचचा गिअरबॉक्स आणि त्याच इंजिनाच्या क्लचवाल्या आवृत्तीचा ईसीयू वापरण्याचा. त्यासाठी ईसीयूवरील चिठ्ठीवर छापलेला यंत्राचा क्रमांक आणि त्यातील आज्ञावलीचा क्रमांक हे दोन्ही पाहावे लागतात, कारण एकच यंत्र दोन आज्ञावल्यांसह येते. तिसरा मार्ग स्वतंत्र ईसीयूचा, आणि गरज असल्यास स्वतंत्र टीसीयूचा, ज्यांची सर्व कोष्टके जाणकाराला स्वतः भरता येतात. यात मोकळीक सर्वांत जास्त आहे, पण प्रदूषणाच्या मर्यादा, थंड इंजिनाची सुरुवात, एसी लावल्यावरचे आयडलिंग अशी जी कामे कारखान्यातले अभियंते वर्षानुवर्षे करतात ती सर्व एकट्याच्या अंगावर येतात. मर्यादित खर्चात रोज वापरायची गाडी करणाऱ्याने पहिल्या दोन मार्गांपलीकडे सहसा जाऊ नये.

कोणताही मार्ग निवडला तरी एक गोष्ट तिन्हींत समान राहिली पाहिजे, आणि ती म्हणजे लेखी नोंद. सरफोजीराजांच्या काळातील नेत्रचिकित्सेची कागदपत्रे तंजावूरला जपली गेली आहेत, आणि त्यांत ४० हून अधिक रुग्णांच्या डोळ्यांची स्थिती, केलेले उपचार आणि त्यांचा परिणाम चित्रांसह नोंदवलेला आहे. एका रुग्णावरचा उपचार पुढच्या वैद्याला कळावा, ही दृष्टी त्या कागदांमागे आहे, आणि इंजिनबदलाला आज नेमकी तीच हवी आहे. दाता गाडी कोणती, इंजिन व गिअरबॉक्सचे क्रमांक काय, ईसीयूच्या चिठ्ठीवर काय छापले होते, कोणती तार कापून कुठे जोडली, कोणता फ्यूज वाढवला, डिफरन्शियलचे गुणोत्तर किती, टायर कोणते, निदानाच्या स्कॅनरवर दोषांचे कोणते कोड आले आणि त्यांतले कोणते उरले, एवढे दोन पानांत लिहून गाडीत ठेवले, तर दुसऱ्या गावचा मिस्त्री वायरिंग पुन्हा न फाडता दोषापर्यंत पोचू शकतो. छायाचित्र आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर निघते. वायरिंग उलगडण्यापूर्वी आणि जोडल्यावर काढलेली छायाचित्रे या नोंदीचे अर्धे काम करतात.

नोंदीला कायद्याचीही बाजू आहे, आणि ती गॅरेजांत सर्वांत दुर्लक्षिली जाते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाने करायचा नाही. आणि मंजुरीशिवाय इंजिन बदलले गेले असेल, तर मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसी बुकात नोंद करून घ्यायची आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे फेरफार चालणार नाहीत असे स्पष्ट केले. त्यामुळे इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत चौकशी करणे, मंजुरीची शक्यता तपासणे आणि दाता गाडीच्या इंजिनाची खरेदी पावती, तिचा इंजिन क्रमांक व ती भंगारात निघाल्याचा पुरावा जपणे ही या कामाची खरी सुरुवात मानावी. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गाडीत सापडले, तर पुढचे सर्व कौशल्य वाया जाते. इंजिन बदलूनही गाडीने ज्या भारत स्टेज निकषाखाली नोंदणी घेतली आहे तो निकष पाळला जावा, म्हणजे जुन्या निकषाचे इंजिन नव्या गाडीत जाऊ नये, हे केवळ कायद्याचे बंधन नाही. जी हवा राजवीथीतला भाजीवाला आणि शाळेला चाललेले मूल दिवसभर घेते, तिच्याशी केलेला तो करार आहे.

या विषयाचे मराठीत लेखन करताना क्लच, फ्लायव्हील, बेल हाउसिंग, सेन्सर हे गॅरेजात रुळलेले शब्द जसेच्या तसे ठेवणे आणि प्रत्येकाचे काम पहिल्याच उल्लेखात उलगडून सांगणे हाच मार्ग योग्य आहे, कारण हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्यांनाच ते आधी वाचता आले पाहिजे. आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा, जुनी जीप आजोबांची म्हणून जपणारा मालक आणि तीस वर्षे इंजिने उतरवलेला मिस्त्री हे तिघेही या विषयाचे वाचक आहेत, आणि तिघांनाही एकाच प्रश्नाचे उत्तर हवे आहे, ते म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि संगणक हे तिन्ही भाग एकमेकांना ओळखतील का. इंजिनबदल पूर्ण होतो त्या दिवशी गाडी चालू होते, एवढेच सिद्ध होते. जुळवणी खरी होती की नाही, हे गाडी पहिल्या पावसात, घाटाच्या चढावर आणि ते काम कधी न पाहिलेल्या अनोळखी मिस्त्रीच्या हाती गेल्यावर कळते. आणि त्या तिन्ही ठिकाणी ती टिकावी, अशाच रीतीने हे काम सुरुवातीपासून आखले पाहिजे.